चांदण्यांवरून काढलेला पहिला नंबर

कॉलेजच्या चार वर्षांत फुटबॉल माझ्या पायाला जितक्या वेळा लागला, त्याहून जास्त वेळा तो माझ्या चष्म्याला लागला. तिसरा चष्मा फुटल्यावर खेळाच्या सरांनी मला प्रेमानं बाजूला बसवलं आणि म्हणाले, "तू गणिताचा पोरगा आहेस ना? मग तिकडंच लक्ष दे." मी लक्ष दिलं. मैदानाच्या कडेला बसून फुटबॉलचं गणित करायला लागलो, आणि त्या गणितानं सरांना चष्म्यापेक्षा जास्त त्रास दिला.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-चार वर्षं झाली होती. घाटाखाली आमचं कॉलेज नवीनच निघालं होतं. इमारत अर्धी, ग्रंथालय एका कपाटात आणि मैदान म्हणजे काळ्या मातीचं सपाट केलेलं शेत. उन्हाळ्यात त्याला अशा भेगा पडायच्या की चेंडू एका बाजूला मारावा आणि तो दुसरीकडंच जावा. आसपास आणखी तीन कॉलेजं फुटबॉल खेळत होती. एक घाटावरचं, एक स्टेशनाजवळचं आणि एक पूर्णा नदीच्या पलीकडचं. दर हिवाळ्यात या चौघांचे सामने व्हायचे. दर जूनमध्ये या चौघांची, शाळेतून सुटलेली चांगली पोरं आपल्याकडं ओढायची धावपळ चालायची. कोणी वसतिगृहात फुकट खोली कबूल करायचं, कोणी बूट.

कॉलेजचं भित्तिपत्रक माझ्याकडं होतं. त्यात कविता लावून लावून मी कंटाळलो होतो, वाचणारे त्याआधीच कंटाळले होते. मग त्या जूनमध्ये मला कल्पना सुचली: चारही कॉलेजांनी यंदा कोणकोणते नवे खेळाडू घेतले ते बघायचं, प्रत्येकाला एक ते पाच चांदण्या द्यायच्या आणि कोणाची नवी भरती सगळ्यात चांगली ते आकड्यांत सिद्ध करायचं. सामने हिवाळ्यात, निकाल मात्र जूनमध्येच.

चांदण्या माझ्या एकट्याच्या मनानं द्यायच्या नाहीत हे मी सुरुवातीलाच ठरवलं. आपण शास्त्रीय आहोत असा माझा समज होता. म्हणून तीन जाणकारांची मतं घेऊन सरासरी काढायची. पहिले जाणकार खेळाचे सर. दुसरे सरकारी दवाखान्यातले कंपाउंडर. ते शाळांच्या सामन्यांत पंच असायचे, त्यामुळं तालुक्यातलं प्रत्येक पोरगं त्यांच्या डोळ्यांखालून गेलेलं. तिसरा जाणकार मी.

सरांना मधलं काही माहीतच नव्हतं. पोरगा आवडला की पाच, नाही आवडला की एक. कंपाउंडर सगळ्यांना तीन द्यायचे. असं का, म्हणून विचारलं तर म्हणाले की पोरांचे बाप औषधाला माझ्याकडंच येतात. म्हणजे एकाचं मत टोकाचं, दुसऱ्याचं कायम मधलं, आणि पारडं कुठं झुकायचं ते ठरवायचं काम उरलं माझ्याकडं, ज्याला सरांनी मैदानातून उठवून कडेला बसवलं होतं.

चांदण्या झाल्यावर बेरीज सोपी वाटली होती. पण बेरीज केली आणि घाटावरचं कॉलेज पहिलं आलं. त्यांनी चौदा पोरं घेतली होती. बहुतेक दोन चांदण्यांची, पण चौदांची बेरीज तीस झाली. आमची पोरं सहा, बेरीज अठरा. हे काही बरोबर नाही, असं माझ्या शास्त्रीय मनाला लगेच वाटलं. नुसती गर्दी जमवून कोणी पहिलं यावं का? मग मी सरासरी काढली. तर स्टेशनाजवळचं कॉलेज पहिलं आलं, कारण त्यांनी दोनच पोरं घेतली होती, आणि दोन्ही चार-चार चांदण्यांची. आम्ही पुन्हा दुसरे. दोन पोरांत काय अकरा जणांचा संघ होतो? हेही माझ्या मनाला पटलं नाही.

माझा खोलीमित्र आमच्या संघाचा कप्तान होता. नांदुऱ्याकडच्या खेड्यातला. त्याच्या घरच्यांनी काही वर्षांपूर्वी बौद्ध धम्म स्वीकारला होता. खोलीत त्याच्या खाटेवरच्या भिंतीला बुद्धाचं चित्र होतं आणि खाटेखाली सगळ्या संघाचे फाटके बूट. तो दाभण घेऊन चेंडूला टाके घालत बसला होता. त्यानं माझे कागद बघितले आणि विचारलं, "आपला पहिला नंबर येईस्तोवर तू हिशोब बदलून राह्यला का?"

मी म्हणालो, हिशोब बदलत नाही, सुधारतो आहे.

सुधारता सुधारता मला अशी रीत सापडली की तिचा मला आजही थोडा अभिमान वाटतो. प्रत्येक कॉलेजची पोरं चांदण्यांप्रमाणं वरून खाली ओळीत लावायची. पहिल्या पोराच्या चांदण्या पूर्ण धरायच्या. दुसऱ्याच्या दहा टक्के कमी, तिसऱ्याच्या वीस टक्के कमी, असं उतरत जायचं. दहाव्याच्या पुढं कोणाला काहीच मिळणार नाही. म्हणजे गर्दीचा फायदा संपला, आणि दोन पोरांवर नंबर काढणंही संपलं. ही रीत लावली तशी आमची बेरीज पंधराच्या जवळ गेली, घाटावरच्यांची तेराच्या आत राहिली. स्टेशनवाले आठाखाली, नदीपलीकडचे त्याहून खाली. आम्ही पहिले. पुढं काही सुधारण्याची गरज मला दिसली नाही.

आमचा सगळा डोलारा एका पाच चांदण्यांच्या पोरावर होता. तो सातपुड्याच्या पायथ्याचा, संग्रामपूरकडचा. उंच, रुंद, आणि शाळांच्या सामन्यांत नांदुऱ्याला त्यानं एकट्यानं तीन गोल केले होते. तो सामना मी स्वतः बघितला होता; म्हणजे अर्धा बघितला, कारण मी बसलेली एस.टी.ची मोटार उशिरा पोचली. समोरचा गोलकीपर तापानं फणफणलेला होता आणि घोंगडी पांघरून उभा होता, हे मला पुढं कधीतरी कळलं. सरांनी या पोराला पाच दिल्या, कंपाउंडरनी तीन, मी पाच. सरासरी सव्वाचारच्या थोडी वर निघाली. मुलगा वाढत्या वयाचा आहे, असं म्हणून मी तिचे पाच केले. आमच्या यादीत शेवटी हिवरा आश्रमाकडचा एक बुटका पोरगा होता. त्याची सरासरी पावणेदोनच्या आसपास आली. त्याचं वय वाढतं नसावं, कारण त्याची मी एक केली.

भित्तिपत्रक लागलं आणि पहिल्यांदाच त्याच्यापुढं गर्दी झाली. प्राचार्यांनीही येऊन वाचलं. ते पुण्याकडचे, अतिशय सज्जन; आमची बोली ऐकताना ते नेहमी मान थोडी कलती करून ऐकायचे, म्हणजे अर्थ घरंगळून कानात पडेल. आमचं बोलणं त्यांना फारसं कळत नसे, पण आकडे कळायचे. त्यांनी मला बोलावून घेतलं, दशांश चिन्हानंतरचे अंकही तपासले आणि संध्याकाळी संस्थेच्या अध्यक्षांना सांगून टाकलं की खेळात आपण चार कॉलेजांत पहिले आलो. अध्यक्षांची कापसाची जिनिंग होती. त्यांना वाटलं सामने झाले. त्यांनी नवा चेंडू पाठवला.

आता एवढं झाल्यावर तो पाच चांदण्यांचा पोरगा प्रत्यक्ष कॉलेजात येणं भाग होतं. त्यानं शब्द दिला आहे, असं सर म्हणत होते. पण प्रवेश संपत आले तरी त्याचा पत्ता नव्हता. तेव्हा सर आणि मी त्याच्या गावाला निघालो. मला न्यायचं कारण म्हणजे, त्याच्या बापाला आपला पहिला नंबर समजावून सांगायला कोणीतरी पाहिजे होतं.

मोटार बदलत, शेवटी बैलगाडीत बसून आम्ही गावात पोचलो. घर मोठं होतं, पाठीमागं संत्र्याची झाडं, त्यामागं निळा सातपुडा. ओसरीवर घाटावरच्या कॉलेजचे खेळाचे सर आधीच बसलेले होते. त्यांच्यासमोर ताट होतं, ताटात पातोडीची, म्हणजे बेसनाच्या वड्यांची, भाजी होती, आणि ते दुसऱ्यांदा वाढून घेत होते. स्टेशनाजवळच्या कॉलेजचे एक गुरुजी आदल्या दिवशी जेवून गेले, असं कळलं. आमच्या सरांचा चेहरा उतरला. पण भाजी समोर आली तशी तो हळूहळू पूर्ववत झाला.

पोराचे वडील मोठे शेतकरी होते, स्वभावानं मोकळे. पाहुणे कशासाठी येऊन राहिले ते त्यांना ठाऊक होतं, आणि त्यांची त्यात चांगली करमणूक होत होती. त्यांनी मला विचारलं की हा पहिला नंबर तुम्ही काढला कसा. मी कागद पसरला. पहिल्याच्या पूर्ण चांदण्या, दुसऱ्याच्या दहा टक्के कमी, सगळं सांगितलं. घाटावरचे सर जेवता जेवता थांबून ऐकत होते आणि मध्येच त्यांनी विचारलं की आमची चौदा पोरं असून शेवटच्या चौघांना काहीच का नाही. मी म्हटलं, रीतच तशी आहे. ते म्हणाले, रीत कोणाची? मी आणखी एक पातोडी तोंडात घातली.

वडिलांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग मागं वळून पोराला हाक मारली.

तो आला. हात कोपरापर्यंत शेणमातीनं भरलेले. पेरणीची सरकी शेणात घोळून मोकळी करायचं काम मागं चाललं होतं. दोन्ही सर एकदम उठून उभे राहिले. त्याच्याशी हात मिळवावा की नाही हे त्यांना कळेना. मी त्याला पहिल्यांदाच जवळून बघत होतो. लाजाळू, मोठ्या पायांचा, दोन कॉलेजांचे लोक आपल्यासाठी उन्हातून आले याचं त्याला फार अवघड झालेलं.

"तुनं यायले शब्द देला होता का?" वडिलांनी आमच्या सरांकडं हात करून विचारलं.

"देला होता," तो म्हणाला.

"आन् यायले?" वडिलांचा हात घाटावरच्या सरांकडं वळला.

"यायलेही देला." तो आणखी खाली बघायला लागला. "मास्तर घरी आले, तर नाई कसं म्हनाचं, बाबा?"

मग सरांनी त्याला जवळ बसवलं आणि फुटबॉलचं भविष्य सांगायला सुरुवात केली. विद्यापीठाचा संघ, मग राज्याचा संघ. घाटावरच्या सरांनी त्याच्या पुढचा, देशाचा संघ सांगितला. पोरगा सगळं ऐकून घेत होता. त्या दोघांचं सांगून संपल्यावर तो माझ्याकडं वळला. बहुधा माझं वय त्याच्या जवळचं म्हणून.

"दादा, एक सांगू का? मले फुटबॉल काही तेवढा आवडत नाई. मी उंच आहो म्हनून शाळेत मास्तरनं खेळाले लावलं. मले शेतकीच्या कॉलेजात जाचं हाये. आमच्या संत्र्यावर रोग येऊन राह्यला, त्याचं शिकाचं हाये."

सरांनी विचारलं की त्या कॉलेजात फुटबॉल आहे का. तो म्हणाला, "असन बी. मी इचारलं नाई."

मी त्याच्याविषयी तीन जणांची मतं घेतली होती, त्यांची सरासरी काढली होती, ती वर ओढून पाच केली होती, आणि त्याला खेळायचं आहे का एवढं कोणीच विचारलं नव्हतं. माझ्या रीतीत ती जागाच नव्हती. निघताना वडिलांनी दोन्ही सरांना सारखाच नारळ दिला. मोटारीत दोघे शेजारी बसले आणि सगळ्या रस्त्यानं एकमेकांशी अतिशय गोड बोलले. मी मागच्या बाकावर मांडीवर कागद ठेवून नवी बेरीज केली. तो पोरगा काढल्यावर आम्ही अकराच्या थोडे वर आलो. घाटावरचे तेराच्या जवळ तसेच होते. आम्ही दुसरे झालो होतो.

दुसऱ्या दिवशी मी दुरुस्ती घेऊन प्राचार्यांकडं गेलो. त्यांनी ती वाचली, चष्मा काढला, पुसला. ते म्हणाले, "गणितात उत्तर एकदा लिहिलं की पुन्हा पुन्हा खोडू नये. वहीला शोभा राहत नाही. पुढच्या अंकात बघू." पुढचा अंक त्यांनी वृक्षारोपणाला दिला. त्याच्या पुढचा साक्षरतेला. पहिला नंबर पावसाळाभर भिंतीवर तसाच राहिला; ओल येऊन चांदण्यांचा रंग उतरला, पण आकडे वाचता येत होते.

हिवाळ्यात सामने आमच्याच मैदानावर झाले. पहिला सामना आम्ही जिंकलो, नदीपलीकडच्यांशी. दुसरा स्टेशनवाल्यांशी बरोबरीत सुटला, तोही कसाबसा. हिवरा आश्रमाकडचा तो बुटका पोरगा डावीकडून पळत होता. कप्तानानं मारलेला चेंडू त्याच्या पाठीला लागला आणि गोलमध्ये गेला. त्याला ते कळलंही नाही. लोक ओरडले तेव्हा आपण काही चूक केली असं वाटून तो पंचांकडं बघायला लागला. शेवटचा सामना घाटावरच्यांशी होता. तो आम्ही सरळ हरलो. घाटावरचे पहिले, आम्ही दुसरे.

मी खोलीवर येऊन जुना कागद काढला. मोटारीत केलेली दुरुस्त बेरीज: घाटावरचे पहिले, आम्ही दुसरे. खालचे दोन नंबर उलटे झाले होते, पण ते मी किरकोळ धरले. सामने व्हायच्या पाच-सहा महिने आधी मी निकाल सांगून ठेवला होता. माझा आनंद एवढा मोठा होता की आपला संघ हरला हेही मी विसरलो. कप्तान पायाला गरम पाण्याचं फडकं बांधत बसला होता, त्याच्यासमोर मी तो कागद धरला.

त्यानं तो नीट वाचला. मग विचारलं, "घाटावरच्यायचे नवे पोट्टे चौदा होते ना? आज त्यातले खेळले किती?"

मी आठवून बघितलं. मैदानाच्या कडेला बसून मी आकडे लिहीत होतो, पोरं बघितली नव्हती.

"एक," तो म्हणाला. "तोही अर्धा टाइम. बाकीचे तेच जुने, तीन वर्सांपासून संग खेळून राह्यले. आपले नवे दोनच खेळले. तुह्या कागदावर जे नावं हाये ना, त्यातले बाकीचे सगळे बाकावर बसून चने खात होते."

मी म्हटलं की तरी उत्तर बरोबर आलं आहे.

"हाव, आलं," तो म्हणाला, आणि फडकं पुन्हा गरम पाण्यात बुडवायला उठला. मी त्या वेळी त्याला जागीच थांबवून समजावलं की भरतीचा परिणाम दोन वर्षांनी दिसतो, तेव्हा हाच हिशोब पुढं वापरता येईल. तो पाय धरून उभा होता. बिचाऱ्यानं सगळं ऐकून घेतलं.

त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनाला महसूल खात्यातले एक मोठे अधिकारी पाहुणे म्हणून आले होते. प्राचार्यांनी अहवाल वाचला. परीक्षांचे निकाल, ग्रंथालयाचं दुसरं कपाट, आणि मग: "नवागत फुटबॉल खेळाडूंच्या गुणवत्तेत आपलं महाविद्यालय चार महाविद्यालयांत प्रथम आलं." टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी सगळ्यात जोरात वाजवल्या. पाहुण्यांनी मात्र व्यासपीठावरच्या टेबलाकडं बघितलं. तिथं एकच लहान कप होता, दुसऱ्या नंबरचा. त्यांनी प्राचार्यांच्या कानात काही विचारलं. प्राचार्यांनी समोर नजर फिरवली आणि मला उभं केलं.

माझ्या आयुष्यात एवढा मोठा श्रोतृवर्ग मला ना त्याआधी मिळाला ना नंतर. नाटकासाठी जमलेलं अर्धं गाव मंडपात होतं. हा पहिला नंबर कुठला, एवढंच पाहुण्यांनी सभ्यपणा म्हणून विचारलं असेल, मी मात्र सविस्तर उत्तर दिलं. तीन जाणकार सांगितले, चांदण्या सांगितल्या, नुसत्या बेरजेतला दोष सांगितला, मग सरासरीतला दोष. दहा टक्क्यांच्या उतरंडीपर्यंत आलो तेव्हा मागच्या रांगेत मुलं रडायला लागली होती आणि पडद्याआड नाटकातला राजा मिशी हातात धरून वाट बघत होता. खेळाचे सर दोन्ही हातांनी मला बस, बस अशी खूण करत होते. मला वाटलं ते दाद देत आहेत.

पाहुणे मात्र मन लावून ऐकत होते. माझं संपल्यावर ते म्हणाले, "म्हणजे ही खेळाची आणेवारी झाली. पीक शेतात उभं असतानाच किती येईल ते ठरवायचं."

आणेवारीवर आमच्याकडं प्रत्येकाचं काही ना काही मत असतंच. मंडपात एकदम हशा झाला.

"हो साहेब," मी म्हणालो. मला ती तुलना फार आवडली होती.

"आम्हीही काढतो," ते म्हणाले. "बांधावर उभं राहून. मग तुमचं पीक किती आलं?"

मी सांगितलं, "दुसरा नंबर, साहेब."

"मग वाईट नाही," ते म्हणाले. "आमची याहून जास्त चुकते." आणि त्यांनी तो लहान कप उचलून कप्तानाला वर बोलावलं. कप्तान लंगडत गेला. त्याच्यासाठी ज्या टाळ्या पडल्या त्या अहवालाच्या टाळ्यांपेक्षा कितीतरी मोठ्या होत्या. मी अजून उभाच होतो, आणि त्यातल्या काही माझ्या असाव्यात असं धरून मीही थोडी मान झुकवली.